जर्मन आणि डबा

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

यशश्रीने आज जेवताना चक्क हात जोडले. म्हणाली, कॅमेऱ्याबद्दल जे काही सांगायचं असेल ते यापुढे वहीला सांग, मला वरणभात सुखाने खाऊ दे. म्हणून ही वही. नवऱ्याच्या तोंडून शटरचं कौतुक किती वर्षं ऐकायचं, यालाही काही मर्यादा असणार. माझी तक्रार नाही.

सकाळी सायखेड्याला आईकडे गेलो होतो. चहा झाल्यावर तिने विषय काढला, प्रार्थनेनंतर सूचना वाचून दाखवाव्यात तसा. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, गाव अजून तिला बाईच म्हणतं. म्हणाली, "मयुरेश, मला भिंतीवर लावायचा फोटो काढून हवाय. मी असताना. माझ्यामागे कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून मला कापत बसू नका."

यशश्रीने कप खाली ठेवला. मी म्हणालो, काढू की, घाई काय आहे.

घाई काय आहे ते तिघांनाही ठाऊक होतं. आईच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे आणि या वयात ऑपरेशन करायला डॉक्टर धजत नाहीत. औषधं घ्या, दगदग नको, एवढंच. पुढचं मी विचारलं नव्हतं. आईने विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, हिवाळा निघेल, उन्हाळ्याचं सांगता येत नाही.

समोर भिंतीवर बाबा होते. ते अचानक गेले तेव्हा मी कॉलेजात होतो आणि घरात त्यांचा एकट्याचा एकही फोटो सापडला नाही. शेवटी कुठल्याशा लग्नात रावजीकाकांबरोबर काढलेला मिळाला. रावजीकाका म्हणजे बाबांचे जिवलग दोस्त, समोरच राहतात. स्टुडिओवाल्याने काकांना कापलं, बाबांना मोठं केलं, पण काकांचा हात बाबांच्या खांद्यावर तसाच राहिला, बोटातल्या अंगठीसकट. घरी येणारा प्रत्येक नवा माणूस विचारतो, हा हात कुणाचा? मला शरमल्यासारखं होतं. दिवसभर मोजमाप करून पोट भरणारा माणूस मी. असलं अर्धवट काम मला बघवत नाही.

आईचा फोटो असा होणार नाही. तो मी जर्मनवर काढणार.

१३ नोव्हेंबर

वहीला जर्मनची ओळख करून देतो. यशश्री झोपाळ्यावर बसून भाजी निवडतेय आणि मी लिहितोय हे बघून समाधानाने हसतेय.

जर्मन म्हणजे माझा जर्मनीत बनलेला फिल्म कॅमेरा, माझ्या जन्माआधीचा. सगळा पितळेचा, वरून चंदेरी मुलामा, कोपऱ्यांवर तो झिजून आतलं पितळ डोकावतं. जुन्या नाशकात इसाकभाईंचं कॅमेरे आणि घड्याळं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे तो मला भेटला. सातपूरच्या कारखान्यात माझं काम मापं तपासायचं. केसाहून बारीक फरक सापडला तरी मी माप नापास करतो आणि लोकांच्या शिव्या खातो. पण हा कॅमेरा हातात घेतला आणि वाटलं, हा बनवणारा माझ्या बाजूचा. फोकसची कडी फिरवली की ती कुठे अडत नाही, कुठे सुटत नाही. शटर दाबलं की जिभेने हळूच केलेल्या 'च्' इतकाच आवाज. बॅटरी नाही, तार नाही. प्रकाश किती ते तुम्ही मोजायचं, अंतर तुम्ही जुळवायचं, तो फक्त तुमचं ऐकतो.

रोल भरताना एकच पथ्य. प्रत्येक फोटोनंतर फिल्म पुढे सरकवायला लिव्हर ओढायची, तेव्हा डावीकडची घुंडी आपोआप फिरायला हवी. ती फिरली म्हणजे आत फिल्म सरकतेय. फिल्म असली की लिव्हरला बारीकसा ओढाही लागतो, पतंग वर गेल्यावर मांज्याला लागतो तसा. इसाकभाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घुंडी फिरली तर फोटो, नाहीतर नुसता व्यायाम. नवशिके हमखास इथेच फसतात म्हणे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सायखेड्यात आईने कपाटातून एक पिशवी काढली. आत काळा, प्लॅस्टिकचा, कोपरे गोल झालेला ऑटोमॅटिक कॅमेरा. शाळेच्या सहलींसाठी तिने तो हौसेने घेतला होता. मी त्याला लहानपणापासून डबाच म्हणतो. आतले सेल फुटून हिरवं साचलं होतं. मी म्हणालो, गेला हा. यशश्रीने लिंबाची फोड मागितली, कापूस मागितला, अंगणात बसून सेलच्या जागेतल्या पट्ट्या घासल्या आणि नवे सेल घातले. डबा घर्र करून जागा झाला, वर लाल दिवाही पेटला.

आई लहान मुलीसारखी खूश. "यानं वेरूळ काढलं, पैठण काढलं. पोरं एका जागी उभी म्हणून राहायची नाहीत, तरी यानं सगळ्यांची नाकं-डोळे जागच्या जागी काढले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "याच्यावरच काढ की. आत्ताच. केस विंचरलेले आहेत माझे."

मी म्हटलं, उजेड गेलाय. यशश्री म्हणाली, फ्लॅश आहे की त्याला. मला हसूच आलं. आईचा भिंतीवरचा, कायमचा फोटो, आणि तो फ्लॅश मारून, प्लॅस्टिकच्या डब्यातून! लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर बासुंदी वाढण्यातला प्रकार. जर्मनची नीट चाचणी झाली की काढूच.

परत येताना पुलावर गाडी थांबवली. गोदावरीचं पाणी इतकं स्थिर होतं की पलीकडची बाभळीची झाडं खाली डोकं करून उभी राहिली होती. फोटो काढला नाही. नुसतं बघत बसलो.

३ डिसेंबर

आईकडून डबा घेऊन आलो होतो, रविवारी त्याची आणि जर्मनची स्पर्धा लावली. एकच जागा, एकच उजेड, दोन्हीत सारखाच कृष्णधवल रोल. सोमेश्वरचा घाट, गंगापूर रोडवरचा फुलवाला, गॅलरीत कपडे वाळत घालणारी यशश्री. रोल मी घरीच न्हाणीघरात धुतो. काल रात्री वाळायला दोरीवर लटकवले आणि मोठं भिंग घेऊन उभा राहिलो.

डबा जिंकला. हे लिहिताना पेन जड होतंय, पण वहीशी खोटं कशाला बोलू. डब्याचे सगळे फोटो स्वच्छ. फुलवाल्याच्या बोटांतली सुई आणि दोराही दिसतोय. जर्मनचे काही सुरेख, काही काळपट, आणि यशश्रीने मध्येच मान वळवल्यामुळे ती दोनदा धूसर आली आहे. यशश्री म्हणाली, तुझा जर्मन फार छान आहे, फक्त फोटो तेवढे डब्यातून काढत जा.

दिवसभर मनात तेच घोळत राहिलं. कॅमेरा हे फोटो काढायचं यंत्र. ते काम जो बरं करतो तो बरा. सरळ हिशोब आहे, कारखान्यात मी हाच लावतो. पण डब्याने काढलेला एकही क्षण मला आठवत नाही. बोट दाबलं, घर्र झालं, संपलं. जर्मनचा प्रत्येक आठवतो. फुलवाला सुईत दोरा ओवेपर्यंत मी श्वास धरून थांबलो होतो. शेवंतीचा वास येत होता. तो फोटो काळपट आला आहे, तरी मी तोच पुन्हा पुन्हा बघतोय. मग चांगलं यंत्र कुठलं म्हणायचं? जे चांगला फोटो देतं ते, की जे मला चांगलं बघायला लावतं ते?

आईचा फोन आला होता. "झालं का रे तुझं यंत्र तयार?" मी म्हटलं, चाचण्या चालू आहेत.

१५ डिसेंबर, रविवार

जर्मनच्या भिंगात बुरशीचा बारीक धागा दिसला म्हणून काल इसाकभाईंकडे गेलो. त्यांनी कॅमेरा उघडताना मला शेजारी बसवून घेतलं. इसाकभाईंना प्रेक्षक लागतो. हातापेक्षा तोंड जास्त चालतं आणि निम्म्या गोष्टी मागच्या वेळेपेक्षा वाढवून सांगतात.

पण आत जे दिसलं ते मी विसरणार नाही. वरची पट्टी काढल्यावर तळाशी एक नखाएवढा पितळी तुकडा होता. कॅमेरा पुरता खोलल्याशिवाय तो कुणाच्या नजरेला पडणं शक्य नाही. त्याच्या कडा घासून, गोल करून, आरशासारख्या चमकवलेल्या. कुणासाठी? कुठल्यातरी थंड गावात एक माणूस खिडकीशी बसून हे घासत होता, बाहेर बर्फ पडत असेल, घरी कुणी वाट बघत असेल. त्याने घासलं. मला गहिवरून आलं.

इसाकभाई म्हणाले, "साहेब, असं घासत बसले म्हणून तर मागे पडले. जपानवाल्यांनी तेवढ्यात दहा कॅमेरे विकले." मग तो तुकडा चिमट्यात धरून स्वतःच बराच वेळ उजेडात फिरवत राहिले.

बुरशीचं कारण माझं चामड्याचं कव्हर निघालं. मी कॅमेरा कायम त्यात गुंडाळून, कपाटात, कुलपात ठेवतो. "फार जपता हो तुम्ही. चामडं ओल धरतं. वापरत राहिलात तर हवा लागेल, काही होणार नाही." दोन आठवडे लागतील म्हणाले. मी म्हटलं, घ्या की, सावकाश करा.

घरी सांगितलं तर यशश्रीने विचारलं, तुला नक्की हायसं कशाचं वाटलंय? मला प्रश्न समजला नाही.

२८ डिसेंबर

जर्मन परत आला. भिंग लख्ख. आज त्याला घेऊन सायखेड्याला गेलो. निफाडकडे यंदा थंडीने कहर केलाय. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, त्यांचा धूर आणि नदीवरचं धुकं एक झालं होतं. रस्ता संपतो कुठे आणि बाग सुरू होते कुठे काही कळेना. एक बैलगाडी समोरून आली, आधी घुंगरं आली आणि मग खूप वेळाने बैल.

आई अंगणात शाल घेऊन तयार बसली होती. दुपारपर्यंत धुकं उठलं नाही. आणि उठलं तेव्हा एकदम रखरखीत ऊन, नाकाखाली सावली पडणारं. अशा उजेडात माणसाचा फोटो काढणं म्हणजे गुन्हा. मी तसं आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं.

परतीच्या वाटेत यशश्रीने गाडीची काच वर केली. मग म्हणाली, "मयुरेश, तुला तो फोटो काढायचाच नाहीये."

मी तिला उजेडाचं पुन्हा सांगितलं. कडक ऊन, मऊ ऊन, सावलीची धार. ती खिडकीबाहेर कागदांत गुंडाळलेले द्राक्षांचे घड बघत राहिली. तांत्रिक गोष्टींत तिला पहिल्यापासून रस नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

आईकडे स्वयंपाकाला आणि सोबतीला मैना असते. आज तिने मला मागच्या दारी बोलावून घेतलं. "बाई लय दमत्यात आता, दादा. खोलीतून सैपाकघरात आल्या तरी मधी एकदा बसत्यात. तुमाला सांगू नको म्हन्ल्या."

प्रकाश मोजायचं यंत्र जरा कमी दाखवतंय असं वाटतं. उद्या कारखान्यात तपासून घेतो. त्यातच चूक असेल तर फोटो बिघडायचा.

१९ जानेवारी, रविवार

काढला.

सकाळी आईचाच फोन. "आज या. साडी काढून ठेवलीय." मला वाटलं पैठणी असेल. बघतो तर शाळेची, बारीक काठाची सुती साडी, खळ घालून कडक केलेली, आणि पदराशी पिनेने अडकवलेलं लाल पेन. मी म्हटलं, आई, अगं पैठणी नेस. म्हणाली, पैठणीत मला कोण ओळखणार?

धुकं होतंच, पण आज ते दुधासारखं होतं. सगळीकडून सारखा उजेड, कुठेच सावली नाही. मागची भिंत, तुळस, रावजीकाकांचं घर, सगळं विरघळलेलं, आणि मधोमध खुर्चीत आई. असा उजेड मी आयुष्यात पाहिला नाही. थांबलो ते बरंच केलं.

जर्मनच्या खिडकीतून बघताना मध्यभागी एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. कडी फिरवत त्या एकमेकींवर आणायच्या, की फोकस जुळला. आज दोन आया दिसत होत्या. एक ठसठशीत, खुर्चीत बसलेली. एक फिकट, थोडी बाजूला सरकलेली, निघायच्या बेतात असल्यासारखी. मी कडी फिरवत होतो, त्या जवळ येत होत्या, आणि ऐन जुळायच्या वेळी सगळं धूसर होत होतं. खिडकीची काच मी दोनदा रुमालाने पुसली. तरी तेच. इसाकभाईंनी भिंग साफ केलं पण खिडकीत काहीतरी राहून गेलेलं दिसतंय, त्यांना सांगायला हवं.

आई कंटाळली नाही. मी मोजमाप करत होतो आणि ती शाळेतल्या गोष्टी सांगत होती. मध्ये दम लागला की थांबायची, धुक्याकडे बघायची, पुन्हा सुरू करायची. लिव्हर इतकी हलकी चालत होती, लोण्यातून सुरी फिरावी तशी. इतकी मऊ ती कधीच चालली नव्हती. साफसफाईचा गुण. जुनी कारागिरी म्हणतात ती ही. रोल संपत आल्यावर गुंडाळला, तोही चुटकीसरशी गुंडाळला गेला.

एक गालबोट तेवढं लागलं. आईला थंडी वाजत होती म्हणून मी मध्येच जाऊन तिचा पदर सारखा करत होतो, तेवढ्यात घर्र झालं आणि डोळ्यांवर फ्लॅश आला. यशश्रीने डबा आणला होता. आईनेच आणायला सांगितला होता म्हणे. मी वैतागलो. आई मात्र खूप हसली, खोकला येईपर्यंत.

२१ जानेवारी

रोल कोरा निघाला.

टाकीतून काढला, पाण्याखाली धरला, आणि आरपार सगळं दिसलं. नळ, फरशी, माझी बोटं. कडेचे छापील आकडे तेवढे व्यवस्थित उमटले होते. म्हणजे रसायनं ठीक, रोल ठीक. फिल्म भिंगासमोर आलीच नव्हती. ती आपली जागच्या जागी गुंडाळलेली बसून राहिली आणि मी तास-दीड तास व्यायाम करत होतो.

घुंडी फिरतेय का ते मी बघितलं नाही. मी, जो लोकांची मापं केसाच्या फरकाने नापास करतो. हे कसं झालं ते मला खरंच कळत नाही. माझ्याकडून अशी चूक होत नाही.

यशश्री दारात येऊन उभी राहिली. तिने ओला रोल माझ्या हातातून घेतला आणि दोरीला चिमटे लावून नीट वाळत टाकला, जणू त्यात काही होतं.

२२ जानेवारी

कारखान्यातून परस्पर इसाकभाईंकडे गेलो. कॅमेऱ्यात दोष आहे म्हणालो, जरा आवाज चढवूनच. त्यांनी एक टाकाऊ रोल भरला, लिव्हर ओढली, घुंडी फिरली. पुन्हा ओढली, पुन्हा फिरली. मी म्हटलं, खिडकीची काच धूसर आहे, ती बघा. त्यांनी फुंकर मारून बघितली, दिव्याकडे धरून बघितली.

"काच साफ आहे, साहेब."

मी म्हटलं, मला त्या दिवशी काहीच धड दिसत नव्हतं. त्यांनी कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला. एरवी या माणसाकडे प्रत्येक गोष्टीवर एक किस्सा असतो, आज एकही निघाला नाही.

"धुकं असेल," ते म्हणाले. पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला.

२५ जानेवारी

यशश्रीने डब्यातला रोल काढून माझ्यासमोर ठेवला होता, दोन दिवस तो तिथेच पडून होता. आज धुतला.

मैना तुळशीशी. मैना हसताना. माझी पाठ. पुन्हा माझी पाठ, वाकलेली. रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवर आईची शाल. आणि तो एक, फ्लॅशवाला.

मागे सगळं पांढरं. आई मान वर करून माझ्याकडे बघतेय आणि हसतेय, दात दिसतील असं. मी तिला फोटोत असं हसताना कधी पाहिलेलं नाही. लाल पेन काळं आलंय, साहजिक आहे. चष्म्याच्या काचेत फ्लॅशचा ठिपका आहे. चौकट थोडी कललेली. मी स्वतः मनगटापर्यंतच आलोय, पदर सारखा करणारा एक हात तिच्या खांद्यावर, बाकी सगळा चौकटीबाहेर.

कारागिरीच्या दृष्टीने बोलायचं तर नापास. नजर जाते ती आधी त्या परक्या हातावर. प्रिंट मात्र काढली. का काढली कुणास ठाऊक.

२ फेब्रुवारी, रविवार

आई आता पलंगावरच असते. उशांना टेकून बसवलं होतं. कोऱ्या रोलचं तिला सांगणं भाग होतं. सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, गृहपाठ न केलेल्या पोराचं ऐकावं तसं, आणि म्हणाली, घुंडी बघायची असते हे तूच मला तीनदा सांगितलं होतंस. मग माझ्या गालाला हात लावला. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, पुढच्या रविवारी परत काढू. आई म्हणाली, "आता पुन्हा ती साडी नेसायचा दम नाही रे." अगदी साध्या आवाजात. मैना खिडकी लावायला उठली.

यशश्रीने पर्समधून प्रिंट काढून तिच्या हातात दिली. आईने चष्मा पुसला, फोटो जवळ धरला, लांब धरला. मग म्हणाली, हाच.

मी घाईघाईने म्हणालो, हात संगणकावर काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम, कळणारसुद्धा नाही.

"काढायचा नाही."

"अगं, बाबांच्या फोटोसारखं होईल. लोक विचारत बसतील."

ती भिंतीकडे बघत होती. "तो हात मीच ठेवायला सांगितला होता. स्टुडिओवाला पुसून देतो म्हणत होता, मी नको म्हटलं. भिंतीवर एकट्याला कशाला टांगायचं माणसाला?"

मला इतकी वर्षं वाटत होतं, तो गलथानपणा आहे.

मी काहीतरी बोलणार होतो, भिंगाबद्दल, फ्लॅशबद्दल, काहीही. तोंड उघडलं आणि रडू आलं. धुकं नव्हतं, खोलीत स्वच्छ ऊन होतं. आईने थोपटलं. यशश्री मैनाबरोबर चहा करायला आत गेली आणि खूप वेळ आली नाही.

१६ फेब्रुवारी

आई गेली. गुरुवारी दुपारी, मैना शेजारी मेथी निवडत बसली होती तेव्हा. काही बोलता बोलता थांबली, ती दम लागला की थांबायची तशीच, असं मैना म्हणाली.

जर्मन टेबलावर आहे, कव्हराशिवाय.

२ मार्च, रविवार

तेरावं झाल्यावर आज पहिल्यांदा आम्ही दोघंच सायखेड्याला गेलो. मैनाने घर झाडून ठेवलं होतं. फोटो बाबांच्या शेजारी लावला. पातळीचं यंत्र नेलं होतं, पण वापरलं नाही. चौकटच कललेली, मग खिळा सरळ असून काय उपयोग.

तेवढ्यात रावजीकाका काठी टेकत आले. त्यांना आता कमी दिसतं. भिंतीपाशी गेले, आधी बाबांना बघितलं, मग आईला. खूप वेळ बघत उभे राहिले.

"मयुर, वहिनींच्या खांद्यावर हा हात कोनाचा हाय रे?"

"माझा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. खुर्चीत बसले, काठी पायांत धरली, आणि बाहेरच्या अंगणाकडे बघत म्हणाले, "माझा बी एक काढून ठिव. पन शेजारी कोनीतरी बसा रे."

दोन्ही कॅमेरे पिशवीत होते. डबा काढावा, काम फत्ते होईल, असं आधी मनात आलं. मग म्हटलं, काका कुठे घाईत आहेत, आणि आपण तरी कुठे. यशश्री त्यांच्या खुर्चीशेजारी मोड्यावर बसली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी टोपी सरळ केली. त्यांच्या बोटात ती अंगठी अजून आहे, सैल झाली आहे.

जर्मनमध्ये रोल भरला. खिडकीतून बघितलं तर दोन काका, एक ठसठशीत आणि एक फिकट. जुळवत आणले आणि पुन्हा सगळं धूसर झालं. या वेळी काचेला हात लावला नाही, बाहीने डोळे पुसले. काका विचारत होते, झाला का. मी म्हटलं, थांबा जरा काका, आत्ता दिसायला लागलंय.

शटर दाबलं. मग लिव्हर ओढली, तिला बारीकसा ओढा लागला, आणि डावीकडची घुंडी फिरली.